योजनेची सांगता : नळपाणीपुरवठा योजना ‘पूर्ण’ केव्हा म्हणावी?

आपल्याकडे एखादे व्रत कितीही निष्ठेने केले, तरी त्याचे उद्यापन झाल्याखेरीज ते पुरे झाले असे मानीत नाहीत. उद्यापनाच्या दिवशी ज्याचे जे देणे असेल ते दिले जाते आणि मगच व्रत करणारा मोकळा होतो. विकासाच्या कामात मात्र ही रीत आपण फारशी पाळीत नाही. कामाचा नारळ फोडताना सारे गाव जमते. उद्घाटनाच्या दिवशी मांडव पडतो, तोटी उघडली जाते, पाणी येते, टाळ्या होतात. त्यानंतर अंतिम मोजमापे घेणे, राहिलेले दोष दुरुस्त करून घेणे, हिशेब मिटविणे, जमिनीचे कागद ग्रामपंचायतीच्या नावावर करणे, नकाशे व किल्ल्या ताब्यात घेणे ही कामे उरतात. त्यांना मांडवही नसतो आणि टाळ्याही नसतात. ती हळूहळू मागे पडतात आणि ज्या योजनेचे उद्घाटन झाले, तिच्याच दुरुस्तीचा प्रस्ताव थोड्या वर्षांनी पंचायत समितीच्या टेबलावर येतो.

योजनेची नीट सांगता करणे हा प्रकल्प व्यवस्थापनाचा शेवटचा टप्पा मानला जातो. ज्यांच्यासाठी योजना केली, त्यांच्या हाती ती चालू स्थितीत, निर्वेधपणे आणि पुरत्या माहितीसह सोपविणे हा या टप्प्याचा खरा अर्थ होय. प्रस्तुत लेखात ग्रामीण नळपाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घेऊन ही सांगता कशी करावी, याचा विचार केला आहे. शाळेची खोली, बंधारा, रस्ता किंवा आरोग्य उपकेंद्र यांनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडेल.

‘जवळजवळ पूर्ण’ या शब्दांचा धोका

‘काम जवळजवळ पूर्ण झाले आहे’ हे वाक्य आढावा बैठकीत नेहमी ऐकू येते. या ‘जवळजवळ’मध्ये नेमके काय राहिले आहे हे विचारल्यावाचून पुढे जाणे किती महागात पडते, याची आठवण महाराष्ट्राला पानशेतने कायमची करून दिली आहे. पुण्याजवळील आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. धरणात पाणी साठविण्याचा तो पहिलाच पावसाळा होता आणि पाणी बाहेर सोडण्याच्या व्यवस्थेचे काम पुरते झालेले नव्हते. धरण दिसावयास उभे होते. वापरावयास तयार नव्हते.

गावच्या पाणी योजनेत एवढा मोठा धोका अर्थातच नसतो. परंतु दिसावयास पूर्ण आणि वापरावयास पूर्ण यांतील अंतर तेथेही असतेच. जलकुंभ रंगवून उभा असतो, पण त्यात पाणी चढविणाऱ्या पंपाची वीजजोडणी कंत्राटदाराच्या तात्पुरत्या मीटरवर चाललेली असते. घरोघर तोट्या बसतात, पण वरच्या आळीत पाणी पोचत नाही. अशा योजनेस ‘पूर्ण’ म्हणून नोंदले, की राहिलेल्या कामासाठी कोणीच जबाबदार उरत नाही. निधी देणाऱ्याच्या दृष्टीने ते काम संपलेले असते आणि गावाच्या दृष्टीने ते कधी सुरूच झालेले नसते.

पुरविलेली गावे पुन्हा कोरडी का होतात?

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यक्रमांना आपल्या देशात आता अर्धशतक लोटले आहे. महाराष्ट्रात १९७२ चा भीषण दुष्काळ पडला, त्याच सुमारास केंद्र सरकारचा त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९८६ मध्ये तंत्रज्ञान अभियान, २००२ मध्ये स्वजलधारा, २००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आणि २०१९ मध्ये जलजीवन मिशन अशी पावले पडत गेली. या सर्व प्रवासात एक अडचण सतत आढळली. पाणी पुरविले म्हणून नोंदलेली वस्ती काही वर्षांनी पुन्हा टंचाईच्या यादीत येते. उद्भव आटतो, पंप जळतो, वीजबिल थकते, वाहिनी फुटते आणि दुरुस्ती कोणी करावयाची हे ठरत नाही.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाची २०१२ ते २०१७ या काळातील तपासणी केली. तिचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाच वर्षांत ८१,१६८ कोटी रुपये खर्च होऊनही माणशी दररोज ४० लिटर पाणी मिळणाऱ्या वस्त्यांचे प्रमाण केवळ ८ टक्क्यांनी वाढले, असे त्यात नमूद आहे. याची कारणे अनेक आहेत आणि ती सगळीच सांगतेशी निगडित नाहीत. तथापि, एका बाजूने नव्या योजना भरत जाव्यात आणि दुसऱ्या बाजूने जुन्या गळत जाव्यात, या दुष्टचक्राचे एक मूळ अर्धवट सोपविलेल्या योजनांत आहे, हे क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

सांगता एकदम होत नाही. तिचे सहा भाग पाडता येतात : कामाची, पाण्याची, हिशेबाची, मालकीची, जबाबदारीची आणि अनुभवाची सांगता. त्यांचा क्रमाने विचार करू.

१. कामाची सांगता

कंत्राटदाराने काम संपल्याचे कळविले, की संयुक्त पाहणीचा दिवस ठरवावा. कनिष्ठ अभियंता, कंत्राटदाराचा प्रतिनिधी, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य यांनी उद्भवापासून शेवटच्या तोटीपर्यंत पायी चालत जावे. समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असे धोरण आहे. या पाहणीत त्यांची उपस्थिती विशेष मोलाची ठरते, कारण कोणत्या गल्लीत पाणी येत नाही हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

पाहणी करताना अंदाजपत्रक हाती असावे. प्रत्येक बाबीपुढे तीनपैकी एक शेरा पडला पाहिजे : काम झाले, काम झाले पण सदोष आहे, किंवा काम झाले नाही. अंदाजपत्रकात होते पण केले नाही, आणि अंदाजपत्रकात नव्हते पण करावे लागले, या दोन्ही गोष्टी कारणांसह लिहून ठेवाव्यात. जलवाहिनीसाठी खोदलेला सिमेंटचा रस्ता पूर्ववत करणे ही बाब फार ठिकाणी विसरली जाते आणि पुढे पावसाळाभर गावाचा राग त्या खड्ड्यांवरून योजनेवर निघतो.

आढळलेल्या त्रुटींची यादी करून प्रत्येकीपुढे दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. ही यादी शून्यावर आल्यावरच काम पूर्णत्वाचा दाखला द्यावा. दाखल्यानंतर दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. करारात दिलेल्या त्या मुदतीत जे बिघाड निर्माण होतील, ते कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे असतात आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा ठेव राखून ठेवलेली असते. ही मुदत संपते केव्हा, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी दुसरी पाहणी करावी. कारण ठेव एकदा परत गेली, की दुरुस्तीचा खर्च गावाच्या डोक्यावर बसतो.

जमिनीखाली गाडले जाणारे काम मात्र शेवटी तपासता येत नाही. नळांची खोली, सांध्यांची गुणवत्ता आणि दाबचाचणी हे सर्व चर बुजविण्यापूर्वी पाहून मोजमाप पुस्तिकेत नोंदले गेले पाहिजे. त्याच वेळी वाहिनी प्रत्यक्ष कोठून गेली, झडपा कोठे बसल्या, याचा नकाशा काढून घ्यावा. मूळ आराखड्यातील नकाशा आणि जमिनीतील वस्तुस्थिती यांत नेहमीच फरक पडतो. झडप कोठे आहे हे फक्त एका कर्मचाऱ्याला ठाऊक असते. तो गाव सोडून गेला किंवा दगावला, की निम्मे गाव खणून झडप शोधावी लागते. असा प्रसंग टाळणारा तो एक कागद होय.

२. पाण्याची सांगता

काम पूर्ण झाले म्हणजे पाणी पुरेसे व शुद्ध मिळू लागले असे नव्हे. जलजीवन मिशनने चालू नळजोडणीची कसोटी स्पष्ट केली आहे : माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी, भारतीय मानक १०५०० प्रमाणे त्याची गुणवत्ता, आणि नियमित पुरवठा. या तिन्ही अंगांची परीक्षा गावात घेता येते.

समजा, घरात पाच माणसे आहेत. त्यांना दिवसाला २७५ लिटर पाणी हवे. गावात रोज एक तास पाणी सुटत असेल, तर त्या तोटीतून मिनिटाला सुमारे साडेचार लिटर पाणी आले पाहिजे. याचा अर्थ दहा लिटरची बादली साधारण सव्वादोन मिनिटांत भरली पाहिजे. ही परीक्षा टाकीजवळच्या घरी घेऊन उपयोग नाही. सर्वांत उंच भागातील आणि वाहिनीच्या टोकाच्या घरी, शेजारच्या सर्व तोट्या चालू असताना ती घ्यावी. बादली, घड्याळ आणि वही एवढ्या साहित्यावर सातवीचे विद्यार्थीसुद्धा हे काम बिनचूक करू शकतात.

शुद्धतेसाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवावाच. १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत, फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशा मर्यादा आहेत. फ्लोराइडच्या बाबतीत अन्य उद्भवच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. याखेरीज टीसीएल पावडर टाकल्यानंतर शेवटच्या तोटीवर शेष क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळतो की नाही, हे ओ. टी. चाचणीने गावातच पाहता येते.

पाण्याच्या सांगतेत ऋतूला फार महत्त्व आहे. विहीर काठोकाठ भरलेली असताना सप्टेंबरात घेतलेली चाचणी कोणतीही योजना उत्तीर्ण होते. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठण्यास जागा थोडी असते. तेथील विहिरीची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांतच होते. म्हणून योजना पावसाळ्यानंतर सुरू झाली, तर अंतिम स्वीकृतीपूर्वी एक उन्हाळा जाऊ द्यावा, निदान उन्हाळ्यात उद्भवाची क्षमता पुन्हा मोजण्याची अट तरी हस्तांतरणाच्या पत्रात घालावी. मार्चअखेर निधी खर्च दाखविण्याच्या घाईपुढे निसर्गाचे हे वेळापत्रक नेहमी मागे पडते आणि त्याची किंमत मे महिन्यात डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईला मोजावी लागते.

३. हिशेबाची सांगता

अंतिम देयक हे प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले असावे, हे सांगण्याची गरज भासू नये. पूर्वीच्या चालू देयकांत दिलेली रक्कम, शिल्लक सामान, वसूल करावयाचा दंड आणि राखून ठेवलेली ठेव यांचा मेळ घालून ते तयार होते. मंजूर रकमेपेक्षा खर्च अधिक झाला असेल, तर सुधारित मान्यता वेळीच घ्यावी. कमी झाला असेल, तर अखर्चित रक्कम परत करावी. ‘दुसऱ्या कामाला उपयोगी पडेल’ म्हणून ती खात्यात पडू देणे हा पुढील लेखापरीक्षणात हमखास निघणारा आक्षेप होय.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. प्रमाणपत्र थकले की पुढील हप्ता अडतो, आणि तो केवळ त्या गावाचा नव्हे, तर पुष्कळदा साऱ्या जिल्ह्याचा अडतो. एका गावच्या कपाटात अडकलेला कागद दुसऱ्या गावची तोटी कोरडी ठेवू शकतो, हे ध्यानात घेतल्यास हिशेबाच्या सांगतेला कोणी कारकुनी काम म्हणणार नाही.

लोकवर्गणीचा हिशेबही याच वेळी मांडावा. कोणी रोख दिली, कोणी श्रमदान केले, कोणी जागा दिली, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्याने आपला वाटा दिला त्याला त्याची नोंद ऐकण्याचा हक्क आहे.

४. मालकीची सांगता

योजना पुढे बंद पाडणारी सर्वांत चिवट भांडणे जमिनीची असतात. विहिरीसाठी किंवा जलकुंभासाठी एखादा शेतकरी मोठ्या मनाने दोन गुंठे जागा देतो. त्या वेळी साध्या कागदावर किंवा मुद्रांकावर संमती लिहून घेतली जाते आणि काम सुरू होते. दहा वर्षांनी जागा त्याच्या मुलांच्या वाट्याला येते. सातबारावर ग्रामपंचायतीचे नाव नसते. एखादा वारस पंपगृहाला कुलूप लावतो आणि गाव दारात उभे राहते. त्यात वारसाचा दोष असतोच असे नाही, कारण कागदोपत्री जमीन त्याचीच असते.

स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्पष्ट केले आहे. तेव्हा बक्षीसपत्राची नोंदणी, त्यावरून फेरफार आणि फेरफारावरून सातबारावर नाव, हे तिन्ही टप्पे झाल्यावरच जागा मिळाली असे समजावे. जागा देणारा हयात आणि राजी असताना हे काम थोड्या वेळात होते. नंतर त्याला न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

जमिनीबरोबरच वीजजोडणी ग्रामपंचायतीच्या नावावर करावी. योजना ताब्यात घेताना पुढील गोष्टी मोजून घ्याव्यात : पंपगृह व जलकुंभाच्या किल्ल्या, पंप व मोटारीची हमीपत्रे, स्टार्टर व सुटे भाग, झडपांचा नकाशा, पाणी तपासणीचे अहवाल, रस्ता ओलांडण्याच्या परवानग्या आणि मोजमापांची प्रत. ताबा पावती दोन्ही बाजूंच्या सह्यांनी व्हावी आणि त्याच आठवड्यात मालमत्ता नोंदवहीत योजनेची नोंद घ्यावी. ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू हरवली तरी कोणाला विचारता येत नाही.

५. जबाबदारीची सांगता

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय आहेत. पिण्याचे पाणी हा त्यांतील एक, आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हाही एक. तेव्हा योजना सोपविणाऱ्या विभागाने ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ एवढे सांगून निघून जाणे उचित नाही. घेणारा चालवू शकेल अशा स्थितीत त्याला आणून ठेवणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

यासाठी प्रथम चालविण्याचा खर्च मांडावा. उदाहरणादाखल ४०० कुटुंबांचे, २,००० लोकवस्तीचे गाव घेऊ. त्याला रोज १,१०,००० लिटर पाणी हवे. चढ बेताचा असल्यास पाच अश्वशक्तीचा पंप आठ तासांत ते चढवू शकेल. मोटारीतील हानी धरून तो तासाला साधारण साडेचार युनिट वीज घेईल. म्हणजे दिवसाला ३६ आणि महिन्याला १,०८० युनिट. दर युनिटला ७ रुपये धरल्यास वीजबिल ७,५६० रुपये. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन ८,००० रुपये, आणि टीसीएल पावडर, किरकोळ दुरुस्ती व पंपासाठी शिल्लक मिळून ४,४४० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च २०,००० रुपये होतो. हा प्रत्येक घरामागे महिना ५० रुपये पडतो.

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक गावाने आपले दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. त्यातून निघणारा धडा मात्र सर्वत्र सारखाच आहे. शंभरांपैकी साठच घरांनी पाणीपट्टी भरली, तर महिन्याला ८,००० रुपयांची तूट येते आणि वर्षाअखेर ती ९६,००० रुपये होते. मग वीज तोडली जाते आणि न भरणाऱ्या चाळीस घरांबरोबर भरणाऱ्या साठ घरांचेही पाणी बंद होते. पाणीपट्टीचा दर हस्तांतरणापूर्वीच ग्रामसभेत ठरला, तर पुढचा निम्मा कलह टळतो. योजना एकदा फुकट सुरू झाली, की तीवर पट्टी बसविणे फार कठीण जाते.

पंप चालविणाऱ्या कर्मचाऱ्याने कंत्राटदाराच्या माणसाबरोबर चाचणीच्या काळात काही आठवडे प्रत्यक्ष काम करावे. एकाऐवजी दोघांना शिकवावे. जलसुरक्षकाने टीसीएल पावडरीचे प्रमाण लिहून पंपगृहात लावावे. आठवड्याने झडपा, महिन्याने स्टार्टर, सहा महिन्यांनी टाकी धुणे, असा कार्यक्रम एका पुठ्ठ्यावर लिहिलेला असावा.

६. अनुभवाची सांगता

सर्वांत अधिक दुर्लक्षित भाग हा आहे. अडीच वर्षे एखाद्या कामात घालविल्यावर त्यातून काय शिकलो हे कोणी लिहीत नाही. अधिकाऱ्याची बदली होते, सरपंचाची मुदत संपते, आणि शेजारच्या गावात तीच चूक नव्याने, नव्या खर्चाने होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने होणाऱ्या प्रकल्पांत समाप्तीनंतर पूर्णत्वाचा अहवाल लिहिला जातो आणि काय साधले, काय साधले नाही, का साधले नाही, याची त्यात नोंद होते. गावपातळीवर एवढा विस्तार नको. दोन पाने पुरेत. योजनेस किती काळ लागेल असे वाटले होते व किती लागला. खर्च कोठे वाढला. कोणती परवानगी अडून बसली. पुन्हा करावयाचे झाल्यास काय वेगळे करू, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे त्यांत असावीत. दोष कोणाचा हे शोधण्यासाठी हे टिपण नसावे. तसे वाटले तर कोणीही खरे लिहिणार नाही.

ग्रामसभेची मोहोर

या सहा भागांवर शेवटची मोहोर ग्रामसभेने उमटवावी. जलजीवन मिशनमध्ये ‘हर घर जल’ गावांसाठी दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. प्रथम सर्व घरांना नळाने पाणी मिळत असल्याचे विभागाकडून नोंदले जाते. त्यानंतर ग्रामसभा ठराव करून ते प्रमाणित करते. काम करणाऱ्याने ‘पूर्ण’ म्हणणे आणि पाणी भरणाऱ्याने ‘पूर्ण’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व या रचनेत मान्य झाले आहे. मूळ २०२४ पर्यंतच्या या मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.

हा ठराव उद्घाटनाच्या उत्साहात हात वर करून संमत होऊ नये. त्रुटींची यादी, पाणी तपासणीचा अहवाल, हिशेब व ताबा पावती सभेपुढे वाचली जावी. एखाद्या वस्तीत पाणी पोचत नसेल, तर तिचे नाव ठरावात लिहून प्रमाणन पुढे ढकलण्याचे धैर्य सभेने दाखवावे. एक सही महिनाभर लांबली तर फार बिघडत नाही. चुकीची सही मात्र वर्षानुवर्षे नडते, कारण ‘पूर्ण’ गावाला नवी योजना मिळणे दुरापास्त होते.

काही योजना पूर्ण होतच नाहीत. उद्भवाला पाणी लागत नाही, कंत्राटदार काम सोडतो किंवा गाव धरणक्षेत्रात जाते. अशा योजनांचीही सांगता करावी लागते. झालेले काम मोजून, हिशेब मिटवून, उघडी विहीर सुरक्षित करून आणि वापरता येण्याजोगे नळ, मोटारी नोंदवहीत घेऊन ते काम रीतसर बंद करावे. कागदावर ‘प्रगतिपथावर’ म्हणून वर्षानुवर्षे ठेवलेली योजना गावाला पाणीही देत नाही आणि दुसऱ्या योजनेची वाटही मोकळी करीत नाही.

शेवटाची तयारी आरंभीच

वरील विवेचनातून एक गोष्ट लक्षात येईल. सांगतेची बहुतेक कामे शेवटी करावयाची म्हटली तर होत नाहीत. जागेचा दस्त कार्यारंभ आदेशापूर्वी व्हावा लागतो; नकाशा चर उघडा असताना काढावा लागतो; पाणीपट्टी तोटी बसण्यापूर्वी ठरवावी लागते. म्हणून योजनेच्या पहिल्या बैठकीतच सांगतेची यादी तयार करावी आणि प्रत्येक आढाव्यात काम किती टक्के झाले या प्रश्नाबरोबर ‘सोपविण्याची तयारी कोठवर आली?’ हाही प्रश्न विचारावा.

अधिकाऱ्यांनी अंतिम देयकावर सही करण्यापूर्वी टोकाच्या घरची तोटी स्वतः उघडून पाहावी. पंचायत सदस्यांनी कागद पुरे नसतील तर ताबा घेण्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या पाण्याची बादली मोजवून घ्यावी आणि झडपांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा. गावाची स्मृती टिकविण्यास शाळेइतकी भरवशाची जागा दुसरी नाही.

योजना ज्या दिवशी पूर्ण होते, त्या दिवशी बहुधा कोणताही समारंभ नसतो. उद्घाटनाला दीड-दोन वर्षे झालेली असतात, मे महिन्याचे ऊन असते, आणि वरच्या आळीतल्या शेवटच्या घरातली बाई तोटीखाली कळशी लावून दुसऱ्या कामाला वळते, कारण पाणी येणार याची तिला खात्री असते. पूर्णत्वाचा दाखला त्या खात्रीला धरून दिला जावा.